सरधान्याची नोंद : ग्रंथांतील व जीवनातील

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १८:१७, लूक १:१-४



दिल्लीच्या ईशान्येस, मेरठ जिल्ह्यात सरधाना नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. उसाच्या शेतांनी वेढलेल्या या गावात १८२२ साली उभे राहिलेले भव्य ख्रिस्तमंदिर आहे. ते बांधविले बेगम समरू हिने. १७७८ मध्ये पती वॉल्टर राइनहार्ट मरण पावल्यावर सरधान्याची जहागीर व फौज तिने सांभाळली. १७८१ मध्ये तिचा बाप्तिस्मा आग्र्यास झाला. आपणां मराठी वाचकांना ती अगदीच परकी नाही. १८०३ साली असईच्या रणांगणावर तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूस होत्या.

या गावाविषयी प्रवाशांनी लिहिले, सरकारी गॅझेटिअरनेही लिहिले. ती पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर आपणांस एक मोलाचा धडा मिळतो.

कलकत्त्याचे बिशप हेबर १८२४ च्या डिसेंबरात मेरठला आले होते. बेगमेने एका दासीला जिवंत पुरविले, अशी हकिकत त्यांच्या कानी आली व ती त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात नमूद केली. पुढे २७ जानेवारी १८३६ रोजी बेगम वारली आणि थोड्याच दिवसांनी स्लीमन हा इंग्रज अधिकारी सरधान्यास गेला. ही कथा त्याने निरनिराळ्या रूपांत ऐकली होती. म्हणून त्याने मुद्दाम चौकशी केली. दासी एक नव्हे, दोन होत्या; त्यांनी घरांना आग लावली होती; त्यांना फटके मारून जिवंत पुरण्यात आले, असे त्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले. मात्र त्याच ग्रंथात बेगमेच्या दानधर्माचेही वर्णन आहे. रोमन कॅथलिक असूनही तिने कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे धर्मादायासाठी मोठी रक्कम पाठविली होती.

पहा, चौकशीने कथेचा तपशील बदलला, पण क्रौर्य पुसले गेले नाही. आणि क्रौर्यामुळे दानही खोटे ठरले नाही. आपल्या मंडळीच्या पूर्वजांविषयी लिहिताना आपण बहुधा दोहोंपैकी एकच बाजू ठेवतो. शास्त्र तसे करीत नाही. दावीदाची स्तोत्रे ज्या ग्रंथात आहेत, त्याच ग्रंथात उरीयाचा वधही आहे. पहिला बोलणारा खरा वाटतो, पण दुसऱ्याचे ऐकल्यावाचून न्याय होत नाही, हे नीतिसूत्रकाराने सांगितले. आणि सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करूनच लूकाने लेखणी उचलली.

आता दुसरी गोष्ट. गॅझेटिअर हे राज्यकारभारासाठी लिहिले जाई. त्यात जहागीर, बाजार, लोकसंख्या व इमारती यांना स्थान मिळे. सरधान्याच्या नोंदीतही बेगम आहे, मंदिर आहे. परंतु त्या मंदिरात गुडघे टेकणारा शेतमजूर, लेकरांना प्रार्थना शिकविणारी माता नावानिशी आढळत नाही. आणि त्या दोन दासींची नावे? तीही नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ सालचा अहमदनगरचा खंड उघडला तरी हाच अनुभव येईल.

तरीही सरधान्याची मंडळी पुस्तकांच्या पानांबाहेर टिकून राहिली. १९६१ मध्ये त्या मंदिरास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला, आणि आजही नोव्हेंबरातील यात्रेस ख्रिस्ती व ख्रिस्तेतर भाविक लोटतात.

तेव्हा, वाचकहो, सरकारी ग्रंथांचा अनादर करू नये. ते नसते तर कितीतरी सन व नावे हरपली असती. पण ज्यांची नोंद कोणी केली नाही, त्यांना देव नावाने ओळखतो; आणि त्यांची स्मृती जपण्याचे काम त्याने आपणांवर सोपविले आहे. आपल्या मंदिरातील बाप्तिस्म्याची जुनी वही वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी उघडा. वृद्धांना विचारा, ऐकलेले ताडून पहा, आणि गौरवाबरोबर लाजेचेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा.

मननासाठी प्रश्न :
१. एकाच बाजूचे ऐकून आपण कोणाविषयी मत बनविले आहे काय?
२. आपल्या मंडळीच्या इतिहासात कोणाची नावे सुटली आहेत?
३. त्यांपैकी एकाची हकिकत या महिन्यात कोण लिहून ठेवील?