पोस्टडॉकची फी किती?

पांढुर्णा-सौंसर भागात पीएचडी झालेल्या मुलाने किंवा मुलीने 'आता पोस्टडॉक करणार' असं सांगितलं की घरातून पहिला प्रश्न येतो, फी किती? फी नसते. पोस्टडॉक हा कोर्स नव्हे, ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरीच म्हणा. पैसे संस्था देते. 'जागा मिळवून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठावं.

आपल्याला जवळ नागपूर. व्हीएनआयटी, नीरी आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या तिन्ही केंद्राच्या, त्यामुळे मध्य प्रदेशचा रहिवासी असणं आड येत नाही. संत्र्याच्या पट्ट्यातली मुलं यातलं तिसरं नाव हमखास विसरतात.

प्रकल्पातल्या जागेला 'रिसर्च असोसिएट' म्हणतात. केंद्राच्या 2023 च्या दरांनुसार महिन्याला 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये अशा तीन पायऱ्या आहेत, वर घरभाडं. 58,000 वर नागपूरचा 2023 मधला घरभाड्याचा 18 टक्के दर धरला तर 10,440, म्हणजे हाती 68,440. संस्थेच्या होस्टेलवर राहिलात तर घरभाडं विसरा. जाहिरातीत 'एकत्रित मानधन' लिहिलं असेल तरीही तेच. पीएचडी नसली, पण एमटेकनंतर तीन वर्षांचा अनुभव आणि नामांकित जर्नलमध्ये एक पेपर असेल, तरी अर्ज करता येतो.

खरा खर्च वेगळाच. पांढुर्णा ते नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरची गाडी इतवारीला जाते. म्हणून घरचे म्हणतात, अप-डाऊन कर. पण प्रयोग रात्री दहाला संपला की परतीची सोयीची गाडी मिळेलच असं नाही. खोली घ्यावीच लागते, म्हणजे डिपॉझिट आणि मेसचा आगाऊ महिना आलाच. त्यात प्रकल्पाचा सरकारी हप्ता अडकला की पगारही अडकतो. दोन-तीन महिने थांबावं लागणं नवीन नाही. तीन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय रुजू होऊ नये. मुलाखतीचं गाडीभाडंही बहुतेक ठिकाणी आपलंच.

राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाची अट 35 वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सूट. पीएचडीचे गाइड इथे मार्गदर्शक चालत नाहीत, हे आधीच पाहा. ओबीसींनी तहसीलमधून नॉन-क्रिमिलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात मागावा. राज्याचा नमुना जोडून अर्ज बाद झाल्यावर हळहळून उपयोग नसतो.

परदेशी जायचं तर पासपोर्टला 1,500 रुपये, तत्काळला आणखी 2,000. 2018 पासून अर्ज देशात कुठेही करता येतो, म्हणजे नागपूरलाही. पोलीस पडताळणी मात्र दिलेल्या पत्त्यावर होते. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला अर्जाचे पैसे लागत नाहीत. पीएचडी होऊन आठ वर्षांच्या आत अर्ज करायचा आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या 36 महिन्यांत बारापेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं. अमेरिकेच्या जे-1 व्हिसाला 185 डॉलर आणि सेविस नोंदणीचे 220 डॉलर निराळे. विमानभाडं कोण देणार, हे प्राध्यापकांना ईमेलवर विचारायला लाजू नका.

मासिक रक्कम, घरभाडं, मुदत, रजा आणि आरोग्य विमा या पाच गोष्टी कागदावर येईपर्यंत हातातली नोकरी सोडू नका.