पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

इंजिनिअरिंग सोडून बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला जायचं ठरलं, तेव्हा घरी हिशेब झाला तो नव्या कॉलेजच्या फीचा. अनुदानित कॉलेज, ती फी जुन्या फीच्या पासंगालाही पुरत नव्हती. बाबा लगेच तयार झाले. पण पैसे लागतात ते जुन्या कॉलेजातून बाहेर पडायला.

बी.एस्सी.चे प्रवेश जून-जुलैत, बारावीच्या गुणांवर. ओरिजिनल मार्कशीट आणि एल.सी. मात्र जुन्या कॉलेजच्या कपाटात. मागायला गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, "उरलेल्या तीन वर्षांची फी भरा आणि घेऊन जा. सीट रिकामी राहणार, ते नुकसान कोण भरून देणार?" बाबा तर पतसंस्थेत कर्जाची चौकशी करून आले होते.

ही मागणी साफ बेकायदा आहे. प्रवेश कधीही रद्द करा, पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही, असं एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा नियम स्पष्ट सांगतो. जागा भरली गेली नाही, तरी डिपॉझिट आणि मूळ कागदपत्रं परत द्यावीच लागतात. हा नियम लिहून अर्ज केला, दोन प्रती काढल्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख मागितली. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून घेतलं, खिडकीपाशीच उभा राहिलो. तरी शिक्का मिळेना, तेव्हा तोच अर्ज स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवला. मग मात्र कागद हलले. तोंडी बोलण्याला तिथं कवडीची किंमत नसते.

भरलेली पहिल्या वर्षाची फी गेली ती गेलीच. ज्यांचा विचार कॅप राऊंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या दिवसांतच बदलतोय, त्यांनी रद्द करण्याची शेवटची तारीख आधी पाहावी. त्या तारखेच्या आत हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली की जवळजवळ काहीच नाही.

बँकेचं वेगळंच. शैक्षणिक कर्ज मंजूर होतं ते त्या कोर्सला, त्या कॉलेजला. कोर्स सुटला की पुढचे हप्ते नव्या कॉलेजला आपोआप जात नाहीत, नव्यानं मंजुरी लागते. आधी उचललेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. तिची परतफेड कधीपासून, हे बँकेकडून लेखी घ्या. मुलींनी आणखी एक पाहावं: 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना मिळणारी पूर्ण फी माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साध्या बी.एस्सी.ला नाही.

आणि खोलीभाडं, मेस. इंजिनिअरिंगचे क्रेडिट्स स्टॅटिस्टिक्सला फारसे धरले जात नाहीत, सुरुवात पुन्हा पहिल्या वर्षापासून. म्हणजे शहरात राहण्याचं एक अख्खं वर्ष वाढलं. आमच्या घरच्या हिशेबात या वर्षाचा रकानाच नव्हता, आणि तोच सगळ्यात मोठा निघाला.