बॉयलरसमोरची पाळी

हदगाव,
आश्विन वद्य पंचमी

चि. प्रणव यास,


मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष संपलं की जीएमई, म्हणजे पदवीधरांसाठीचा सागरी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम, करून जहाजावर जायचं, हा तुझा बेत मला पसंत आहे. पण 'वाफेचा भाग ऑप्शनला टाकतो, जहाजं आता डिझेलवर चालतात' असं जे तू लिहिलंस, ते पटलं नाही. त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. मोठ्या संथगती डिझेल इंजिनात इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामी येते. बॉयलर-टर्बाइनच्या जहाजात तिसरा हिस्सासुद्धा मुश्किलीने. तेलाचं बिल मालक भरतो, त्यामुळे वाफ मागे पडली यात नवल नाही. एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, जहाजांवर ती सर्वांत उशिरापर्यंत टिकली, कारण उणे १६२ अंशांवर ठेवलेल्या त्या मालातला थोडा वायू वाटेत उडतच राहतो आणि तो बॉयलरखाली जाळणं सोपं पडतं. कतारचा वायू दहेजला आणणारी 'दिशा' आणि 'राही' ही २००४ची जहाजं स्टीम टर्बाइनवरची. २००९च्या 'असीम'वर मात्र वायूही जाळू शकणारी डिझेल इंजिनं आली. तेव्हा प्रमाणपत्र तू मोटरचंच घे. स्टीमच्या प्रमाणपत्रावर संसार उभा करायचा काळ गेला.

पण इंजिन बदललं म्हणून बॉयलर जहाजावरून उतरला नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. मोटर जहाजावरचं जड तेल थंड असताना डांबरासारखं. इंजिनात फवारण्याआधी ते १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि ते तापवते वाफ. समुद्रात इंजिनाच्या धुराड्यातली उष्णता वापरून ती तयार होते. बंदरात इंजिन थांबलं की तेलावरचा छोटा बॉयलर पेटवतात. तेलवाहू जहाजांवर तर माल उतरवणारे पंपही पुष्कळदा वाफेवर फिरतात. धुराड्यातल्या नळ्यांवर काजळी साचू दिली तर तिथे आग लागते. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधलं पाणी दिसेनासं झालं, तर घाबरून लगेच थंड पाणी सोडायचं नसतं. आधी आग बंद करायची, कारण तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी पडलं की पुढे काय होईल ते सांगता येत नाही. हे सगळं 'डिझेलच्या' जहाजावर घडतं, आणि त्या वेळी पाळीवर कदाचित नुकताच लागलेला ज्युनिअर इंजिनिअर असतो. शंभर अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला ते शून्यापासून शंभरापर्यंत तापवण्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता लागते, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. बॉयलरमध्ये ती सगळी उष्णता दाबाखाली कोंडलेली असते, हे ध्यानात ठेवून पाळी करणं निराळं.

यावर तू म्हणशील, आता सिम्युलेटर आहेत. आहेत, आणि ते चांगले आहेत. चुकीची झडप उघडली तर काय होतं ते कुणाला न भाजता कळतं. पण २०१२च्या सप्टेंबरात 'विक्रमादित्य' या विमानवाहू युद्धनौकेच्या सागरी चाचण्यांत आठपैकी सात बॉयलरांनी दगा दिला, तो कुठे? आतल्या उष्णतारोधक विटांत. भारताने ॲस्बेस्टॉस नको म्हटलं होतं, त्याऐवजी लावलेल्या विटा टिकल्या नाहीत, असं तिची पुनर्बांधणी करणाऱ्यांनी सांगितलं. जहाज ताब्यात यायला २०१३चा नोव्हेंबर उजाडला. वीट कुठे उकलली, जोड कुठे पाझरतो, आवाज कशाने बदलला, हे पडद्यावर कळत नाही. हदगावच्या पोराला जहाजाची कसली जाण, असंही कुणी म्हणेल. लोणावळ्याला कुठे समुद्र आहे? नौदलाचं 'आयएनएस शिवाजी' १९४५पासून तिथेच आहे आणि इंजिनरूमची माणसं घाट चढून शिकायला जातात. इंजिन शिकायला लाटा लागत नाहीत, बॉयलर लागतो. आणि तो आपल्या मुलखात आहे. दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात, ते आपण पुढाऱ्यांसाठी बघतो, बॉयलर कुणी बघत नाही. बगॅसवर पेटणारा तो बॉयलर आणि त्याच्या वाफेवरचं टर्बाइन हीच तुझी पहिली शाळा. एक गळीत हंगाम तिथे पाळीवर उभा राहा. हा काळ समुद्रसेवेत धरला जाणार नाही, कारखान्यातल्या अनुभवावर जहाजाची परीक्षाही देता येणार नाही, तरी राहा.

इंजिनिअर होऊन बॉयलरवर उभं राहायचं का, असं घरात विचारतील. हा प्रश्न आगबोटीच्या काळातला आहे. तेव्हा आपली माणसं भट्टीत कोळसा टाकणारी आगवाली होती आणि प्रमाणपत्रवाले इंजिनिअर बहुतेक साहेब. १९२७ला मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभं राहिलं तेव्हा आपल्या मुलांना अधिकारी व्हायची वाट निघाली. पुढे १९४९ला सागरी अभियंत्यांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं, त्यात कार्यशाळेत हात काळे करणं अभ्यासाचाच भाग होता. प्रमाणपत्र मिळालं तरी भट्टीशी नातं तुटलं नाही. आणि समुद्र नाहीच मानवला, तर परळीच्या औष्णिक केंद्रापासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे वाफेचा जाणकार लागतो. जमिनीवरची बॉयलरची परीक्षा वेगळी असते, ती तेव्हा देता येईल.

संस्था निवडताना तिचं नाव नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघ. 'जहाजावर लावून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाच्या दारात उभा राहू नकोस, मग तो नांदेडचा असो की मुंबईचा. फी भरण्याआधी डोळे तपासून घे, रंग ओळखण्यात दोष निघाला तर वर्ष आणि पैसा दोन्ही वाया. आणि अर्धापूरकडच्या भाऊराव चव्हाण कारखान्याच्या चीफ इंजिनिअरच्या नावे दिवाळीआधी अर्ज लिही. हंगाम लागला की त्यांना वाचायला सवड नसेल. सोबत कॉलेजचं पत्र जोड, आणि रात्रपाळी चालेल हे अर्जातच लिही.

तुझा,
मामा