लॅपटॉपला म्हातारपण येतं का?

प्रश्न : आमच्या घरी २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी घेतला होता. ती आता नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते आणि लॅपटॉप माझ्या वाट्याला आला. त्यावर मी सोसायटीचे हिशेब ठेवते, थोडं मराठी टायपिंग करते, कीर्तनं ऐकते. सकाळी बटण दाबून मी चहाचं आधण ठेवते. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, तरी पडद्यावरचं ते गोल फिरतच असतं. भाचा म्हणतो, ‘मावशी, राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मार.’ दुकानदार म्हणतात, ‘मॅडम, याचं वय झालं, आता नवीन घ्या.’ नवा होता तेव्हा चांगला पळायचा. यंत्रालाही म्हातारपण येतं का? आणि रिफ्रेशने खरंच काही होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी भाच्याच्या रिफ्रेशचं बघू. रिफ्रेशने वेग वाढत नाही, क्षणभरही नाही. डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा काढ, एवढंच आपण विंडोजला सांगत असतो. नवी फाइल ठेवली आणि ती दिसलीच नाही, तर त्याचा उपयोग. तरीही सायबर कॅफेपासून शाळेच्या कॉम्प्युटर लॅबपर्यंत आपल्याकडे सगळ्यांच्या बोटांना ही सवय जडली आहे. मला त्याचं कारण असं दिसतं : लॅपटॉप सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं पडद्यामागे ढीगभर कामं चालू असतात. नेमकं त्याच वेळात आपण रिफ्रेश मारत बसतो. कामं त्यांची ती उरकतात, यंत्र मोकळं होतं आणि श्रेय रिफ्रेशला मिळतं. ताप उतरायच्या बेतात असताना घेतलेल्या गोळीला मिळतं, तसंच.

‘टेम्प’ आणि ‘प्रीफेच’ या फोल्डरांतलं सगळं पुसून टाकण्याचा उपायही असाच तोंडोतोंडी पसरलेला आहे. टेम्प पुसल्याने थोडी जागा मोकळी होते, सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर त्याचा उपयोगही होतो. प्रीफेचला मात्र हात लावू नये. कोणता प्रोग्राम उघडताना कोणते तुकडे लागतात, याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं, ती २००१च्या एक्सपीपासून. ती पुसली की पुढच्या खेपेला प्रोग्राम उलट उशिरा उघडतो.

आता म्हातारपणाचं. तुमच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर २०१७मध्ये सेकंदाला २०० कोटी ठोके टाकत असेल, तर आजही तो तेवढेच टाकतो. त्याचे गुडघे दुखत नाहीत. बदललंय ते त्याच्यावरचं ओझं. पास्कल ही भाषा घडवणारे स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५मध्येच लिहून ठेवलं होतं की, यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं. दर अपडेटबरोबर विंडोज थोडं वाढलं, ब्राउझर वाढला, वेबपानं वाढली. लॅपटॉप मात्र होता तेवढाच राहिला.

पण एवढ्याने चहा पिऊन होईपर्यंतचा उशीर होत नाही. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं : हार्ड डिस्क.

त्या काळच्या घरगुती लॅपटॉपमध्ये सर्रास १ टीबीची हार्ड डिस्क असे. आत एक चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या मारत असते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते. हवी ती माहिती वाचायला दांडी आधी योग्य जागी सरकायला हवी, त्याला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. मग तो भाग फिरत दांडीखाली यायला हवा, त्याचे सरासरी साडेपाच. मिळून सतरा-साडेसतरा मिलिसेकंद. म्हणजे तबकडीवर विखुरलेले तुकडे गोळा करायचे असतील, तर सेकंदाला साठेकच हाती लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात.

हे अंतर डोळ्यांसमोर यावं म्हणून एक हिशेब करू. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद धरा. रॅममधून काही मागवलं, तर त्याला सव्वातीन मिनिटं थांबावं लागेल. एसएसडी या तबकडी नसलेल्या डिस्कवरून मागवलं, तर सव्वादोन दिवस. आणि हार्ड डिस्कवरून मागवलं, तर एक वर्षाहून जास्त. स्वयंपाकघरात सांगायचं तर रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावरचा डबा हात लांब केला की मिळतो. माळ्यावरच्यासाठी शिडी लावायची, चढायचं, चार डबे बाजूला करायचे, उतरायचं. हळद, मोहरी, मीठ यांतल्या प्रत्येकासाठी नवी खेप घालायला लागली तर फोडणीचं काय होईल? तुमचा प्रोसेसर सकाळी नेमका तसा खोळंबलेला असतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर तिच्यातल्या ‘मोअर डीटेल्स’वर टिचकी मारा. ‘डिस्क’च्या खाली १०० टक्के दिसतंय आणि ‘सीपीयू’ १५-२० टक्क्यांवर रेंगाळतोय, असं चित्र असेल तर निदान झालं. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी हेही लिहिलेलं सापडेल. त्याच पानावर ‘सीपीयू’वर टिचकी मारली की ‘अप टाइम’ दिसतो. तुम्ही रोज रात्री लॅपटॉप बंद करत असाल, तरी तिथे बारा किंवा वीस दिवस असा आकडा असण्याची बरीच शक्यता आहे. चकित होऊ नका. २०१२च्या विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर यंत्र पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोजचा गाभा आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, साचलेल्या गुंत्यासकट. पाटी कोरी होते ती ‘रिस्टार्ट’ने. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. रिफ्रेशच्या जागी ही सवय भाच्याला लावलीत तर फारच उत्तम.

टास्क मॅनेजर उघडलेलाच आहे तर ‘स्टार्टअप’ही पाहून घ्या. लॅपटॉपबरोबर आपोआप जागे होणाऱ्यांची ती यादी आहे. मुलीच्या कॉलेजच्या काळातले व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम, कुठल्याशा प्रिंटरचा मदतनीस, गेमचं दुकान, असे कितीतरी तिथे ठाण मांडून असतील. ओळखीचा पण रोज न लागणारा असेल, त्याला ‘डिसेबल’ करा. तो पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. नाव अनोळखी असेल तर राहू द्या. अँटिव्हायरस दोन असतील तर एक काढा, कारण प्रत्येक फाइल दोन-दोन पहारेकरी तपासत बसतात. घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. वेग वाढवून देतो म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर मात्र अजिबात घेऊ नका. रॅम ‘मोकळी’ करतात म्हणजे ते ओट्यावरचे डबे उचलून माळ्यावर टाकतात, दुसरं काही नाही.

यातलं काहीच पैसे खर्चून करायचं नाही आणि फरकही जाणवेल. पण खरं समाधान एसएसडीनेच मिळेल.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी कळवळून सांगतो. हार्ड डिस्कला हात लावण्याआधी फोटो, हिशेब, प्रमाणपत्रं यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती उघडतेय ना, हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासा. माझ्या मावशीचा कॉम्प्युटर असाच संथ झाला होता. दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारला. कॉम्प्युटर पळू लागला, पण काकांचे शेवटच्या तीन वर्षांतले फोटो गेले, ते कायमचे. शिवाय हार्ड डिस्क कधी कधी संथ होते ती बिघडत चालल्यामुळे. तबकडीवरचे काही कण खराब होतात आणि डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती सांगतो. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, किंवा तळहात टेकतो त्या भागातून टिक-टिक आवाज येत असेल, तर पुढचं सगळं सोडा आणि आजच नक्कल काढा.

एसएसडीमध्ये तबकडी नाही, दांडी नाही. मेमरीच्या चिपा आहेत, त्यामुळे कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी चालते, ती जुन्या डिस्कच्याच जागी बसते. काम दुकानात समोर उभं राहून करून घ्या, पाहण्यासारखं असतं. लॅपटॉप पालथा घालतात, मागचे दहा-बारा स्क्रू काढतात, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने झाकण उचकतात आणि आधी बॅटरीची वायर सोडवतात. डिस्क पत्र्याच्या छोट्या चौकटीत चार स्क्रूंनी धरलेली असते. ती काढून हातात घ्या, चांगली जड लागते. तिच्या जागी येणारी एसएसडी जवळजवळ खेळण्यातली वाटावी इतकी हलकी असते. तीच चौकट, तेच चार स्क्रू, एक सरक, बस्स. सराईत माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्यावर उतरवता येते, पण मी विंडोज नव्याने टाकायला सांगेन, म्हणजे इतक्या वर्षांचा कचरा मागे राहील. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप ओळखली जाते. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका आणि चोरीची प्रत तर मुळीच टाकू देऊ नका.

झाकण उघडलेलंच आहे तर पंख्याकडे नजर टाका. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा थर गोधडीसारखा जमलेला असतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच गती कमी करतो. दुपारी लॅपटॉप जास्त रखडतो, ही तक्रार बहुधा इथली असते. थर चिमट्याने अलगद उचलावा. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. रॅम ४ जीबी असेल आणि जागा असेल तर ८ करून घ्या, कारण आजच्या ब्राउझरला ४चा ओटा अपुरा पडतो.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला मोजके अपवाद सोडता इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि २०१७चा लॅपटॉप बहुतेक त्याच्या आधीचा असतो. नियमाला बगल देऊन ११ टाकून देणारे भेटतील, मी तो मार्ग सुचवणार नाही. हिशेब, टायपिंग आणि कीर्तनं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि मराठीतही लिहू देतं. हिशेबासाठी लिब्रेऑफिस त्यात आधीपासून असतं, एक्सेलच्या फाइली ते उघडतं. सवय व्हायला पंधरा दिवस लागतील. बँकेचे व्यवहार तुम्ही याच लॅपटॉपवर करत असाल, तर हा बदल लांबणीवर टाकू नका.

एवढं केल्यावर तो नवा होईल का? मोठे व्हिडिओ संपादित करायला किंवा जड खेळ खेळायला तो तेव्हाही बेताचा होता, आजही राहील. पण ‘फास्ट’ हा शब्द आपण वापरतो तो हाताखाली यंत्र कसं वागतं त्यावरून. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३मध्ये त्याच्या तीन मर्यादा मांडल्या : सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. तुमचा लॅपटॉप आज तिसरी मर्यादाही ओलांडतोय. एसएसडीनंतर टिचकी मारल्यावरची बहुतेक रोजची कामं पहिल्या दोन मर्यादांत येतील आणि सुरू व्हायला आधणाला बुडबुडे येण्याइतकाही वेळ लागणार नाही. खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा. तेव्हा नवीन घेऊ नका, हाच सुधारून घ्या.

फक्त काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका. यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून घरी आणा आणि कपाटात नीट ठेवा. तुमच्या मुलीची कॉलेजची सगळी वर्षं त्यावर आहेत.