मशीन ठीक आहे, तुझं काय?

उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा

चि. भाच्यास,

पेसमेकर बसवल्यापासून मानेत ठोके पडल्यासारखं होतं, ओझं उचललं की धाप लागते आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतला की डाव्या खांद्यापाशी दुखतं, हे तुझ्या आईकडून कळलं. तपासणीत डॉक्टरांनी विचारलं की तू ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतोस, हेही तिनेच सांगितलं. बाजार समितीत क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी अडत्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस डॉक्टरांपुढे कसा मुका होतो, याचं मला नवल वाटतं. हे पत्र त्या ‘बरं आहे’बद्दल आहे.

तपासणीत ‘मशीन ओके आहे’ हा शेरा कशावरून मिळतो ते आधी समजून घे. छातीवर चकतीसारखं उपकरण धरतात आणि पडद्यावर आकडे येतात: बॅटरी किती उरली, वायर नीट काम करते का, शंभरातले किती ठोके मशीनने दिले. धाप, गरगरणं, मानेतली धडधड यांचा आकडा त्या पडद्यावर कुठेच नसतो. आपल्याकडे ही तपासणी बरेचदा कंपनीचा टेक्निशियन करतो आणि डॉक्टरांपुढे त्याचा कागद जातो, म्हणजे तू न बोललेली गोष्ट कागदावर यायला वाटच उरत नाही. मशीन बसवताना ठोक्यांची किमान गती, विजेचा जोर, हालचालीप्रमाणे गती किती वाढवायची, हे सगळं एका ठरावीक मापावर लावून देतात. पुढे ते माणसाप्रमाणे बदलता येतं, तेही चाकू न लावता, बाहेरूनच. पण कुठे बदलायचं हे कळण्यासाठी त्या माणसाने तोंड उघडावं लागतं. म्हणून तुझी तक्रार हा उपचाराचाच भाग आहे, असं मी म्हणतो.

तुझ्या धापेचंच घे. हालचालीप्रमाणे ठोके वाढवण्याची सोय असलेल्या बहुतेक मशीनमध्ये शरीराचे हेलकावे ओळखणारा सेन्सर असतो. त्याला हेलकावे कळतात, कष्ट कळत नाहीत. खड्ड्यांतून एसटी आदळत चालली की नुसत्या बसलेल्या माणसाचेही ठोके तो वाढवू शकतो, आणि जिना चढताना किंवा उभ्याने ओझं पेलताना अंग फारसं हलत नाही म्हणून पुरेसे वाढवत नाही. आता डॉक्टरांना ‘दम लागतो’ म्हणालास तर त्याची पन्नास कारणं असू शकतात. ‘सोयाबीनचं पोतं उचलून दहा पावलं गेलो की धाप लागते, तेव्हा मनगटाची नाडी मोजली तर साठच भरते’ असं सांगितलंस तर दोष सेटिंगमध्ये असण्याची शक्यता त्यांना लगेच दिसेल.

मानेतल्या ठोक्यांचं कारण वेगळं असू शकतं. मशीन फक्त खालच्या कप्प्याला ठोका देत असेल तर वरच्या कप्प्यांशी ताळमेळ चुकतो. वरचे कप्पे बंद झडपेवर आकुंचन पावतात आणि रक्ताचा दाब उलटा मानेच्या शिरांत जातो. मानेत धडधड, थकवा, भोवळ हा त्याचाच परिणाम, आणि ईसीजीत मशीनचे ठोके मात्र बिनचूक दिसतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ४०७ रुग्णांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दोन वायरींचंच मशीन बसवलं होतं, पण निम्म्यांचं फक्त खालच्या कप्प्यापुरतं चालू ठेवलं. या निम्म्यांपैकी २६ टक्के लोकांचं सेटिंग त्रासापायी बदलावं लागलं. कॅनडातल्या त्याहून मोठ्या अभ्यासात मशीनच वेगवेगळी होती, बदल करायचा तर पुन्हा शस्त्रक्रिया हवी होती, आणि तिथे बदल करून घेणारे फारच थोडे निघाले. छाती दोन्हीकडे माणसाचीच होती. मला यातून एवढं दिसतं, की उपाय सोपा असला की तक्रार ऐकली जाते, आणि उपाय अवघड असला की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही ती गिळतात. कोणी म्हणेल, बटण दाबून बदलता येतं म्हटल्यावर लोक उगीच कुरकुर करतात, सगळे मनाचे खेळ. थोडं तथ्य असेलही. पण नंतरच्या २,०१० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना हा त्रास असल्याचं ठरलं त्यांचं सेटिंग बदलल्यावर त्यांची प्रकृती आणि रोजचं जगणं सुधारल्याचं नोंदलेलं आहे.

डॉक्टर चिडतील, त्यांना वेळ नसतो, असं तू म्हणशील. वेळ नसतो हे खरंच आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतच मोजलं, तर रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आपल्या ओपीडीतली गर्दी तर तू पाहतोसच. म्हणून तर सगळ्यात मोठा त्रास पहिल्या वाक्यात यायला हवा, आणि तो घरून कागदावर लिहून न्यायला हवा: कधी होतो, काय करताना, किती वेळ, नाडी किती. हे तपासणीचं यंत्र तालुक्याच्या गावी सहसा नसतं. अकोला नाहीतर संभाजीनगर गाठायचं, भाडं खर्चायचं, दिवस मोडायचा आणि ‘बरं आहे’ सांगून परत यायचं, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

ज्या मशीनने जीव वाचवला त्याच्याबद्दल काय कुरकुर करायची, हा संकोच मला सगळ्यात खोल वाटतो, कारण तो चांगुलपणातून येतो. पण मशीनचा जन्मच मुळी हट्टातून झालाय. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाचा माणूस दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत होता. त्याची बायको एल्से-मारी हिने सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. माणसाच्या शरीरात बसवण्याजोगं मशीन तयार नाही, म्हणाले. तर मग तयार करा, म्हणाली. ८ ऑक्टोबरला बसवलेलं पहिलं मशीन काही तासांतच बंद पडलं. पुढे आयुष्यभरात लार्सनने वीसहून अधिक मशीन वापरली आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. तोवर तो सर्जन आणि तो इंजिनिअर, दोघेही वारले होते.

प्रत्येक त्रास मशीनचाच असतो असं मात्र धरून चालू नकोस. धाप रक्त कमी झाल्याने लागते, फुप्फुसांमुळेही लागते. जखमेची ओढ सुरुवातीचे काही आठवडे राहतेच, आणि भीतीने हात महिनोन्‌महिने हलवलाच नाही तर खांदा आखडून दुखतो. तेव्हा हात किती हलवायचा हेही विचार. नीट सांगूनही ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं आणि आपल्या कागदांच्या प्रती मागणं हा तुझा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे. पेसमेकरचं कार्ड तेवढं जवळ ठेव, त्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला मशीन कोणतं ते कळणार नाही.

दोन गोष्टींत तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. चक्कर येऊन पडलास तर, आणि मशीनची जागा लाल झाली, सुजली, कातडी पातळ दिसू लागली किंवा पाणी आलं तर त्याच दिवशी निघ. गावात कोणाकडूनही सुई टोचून ते पाणी काढून घेऊ नकोस. त्या सुईनेच आत जंतू जाऊ शकतात, आणि एकदा ते मशीनला लागले की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, मशीन वायरीसकट काढावं लागतं. फवारणीच्या पंपाचा पट्टा नेमका त्याच जागेवर घासतो. तेव्हा डॉक्टर सांगेपर्यंत पंप गड्याकडे दे, आणि कागदावर पहिली ओळ धापेची, दुसरी मानेची, तिसरी या पट्ट्याची लिही. आईला बरोबर ने. तू ‘बरं आहे’ म्हणालास तर ती गप्प बसणार नाही.

तुझा,
मामा