जुना डाग मोडताना

आपल्याकडे शिल्लक पडली की ती सोन्यात घालतात. नड आली की तेच सोने बाहेर काढतात. लावणीच्या तोंडावर बियाण्याला पैसा हवा असतो. मुलाची फी भरायची असते. घरात कुणी आजारी पडते. २०२१ सालच्या जुलैत महाड-पोलादपूर भागात महापूर आला, तळिये गावावर दरड कोसळली. अशा संकटात धान्य जाते, गुरे जातात, घर पडते. गळ्यातला डाग तेवढा अंगावर राहतो.

म्हणून डाग मोडण्यात लाज नाही. तो वेळेला उपयोगी पडावा म्हणूनच केलेला असतो. पण नड मोठी असली की माणूस घाई करतो. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. घाईत माणूस मिळेल तो भाव घेतो, आणि वर्षानुवर्षांची शिल्लक एका दुपारी कमी होते. सगळे सराफ फसवतात असे आम्ही म्हणत नाही. सचोटीने धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला हिशेब कळतो त्याच्याशी सगळेच सचोटीने वागतात. तो हिशेब आज आपण शिकू.

तीन आकडे

जुन्या डागाची किंमत तीन आकड्यांवर ठरते. वजन, कस आणि दर.

सोने किती, हे वजन सांगते. ते किती शुद्ध, हे कस सांगतो. आज शुद्ध सोन्याचा भाव काय, हे दर सांगतो. तिघांचा गुणाकार केला की किंमत निघते.

डाग घेताना आपण घडणावळही दिलेली असते. ती मोडताना परत मिळत नाही. नक्षी कितीही सुंदर असली तरी मोडीत ती धरत नाहीत. तेव्हा "घेताना एवढे दिले होते" हा हिशेब दुकानात काढू नका. त्याने भाव वाढत नाही. वरच्या तीन आकड्यांनी वाढतो.

पहिला आकडा : वजन

आपले वाडवडील गुंजांनी सोने मोजत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅम भरतो. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून देशात ग्रॅम-किलो सुरू झाले. आता बाजारात बोलताना 'तोळा' म्हणतात, पण तो १० ग्रॅमचा.

इथे फसगत होते. आजीच्या वेळच्या चिठ्ठीत 'दोन तोळे' लिहिलेले असेल, तर ते सुमारे २३.३३ ग्रॅम. कुणी ते २० ग्रॅम धरले तर ३.३३ ग्रॅम सोने हवेत गेले. म्हणून तोळ्यात बोलू नका. ग्रॅमातच विचारा, ग्रॅमातच लिहून घ्या.

काटा आपल्या समोर हवा. डाग ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसले पाहिजे. सोन्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. एका ग्रॅमचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मिलिग्रॅम. असा काटा वाऱ्यानेही हलतो. म्हणून वरचा पंखा बंद करायला सांगा. सरकारचे वैधमापन खाते दुकानातले काटे दरवर्षी तपासून शिक्का मारते. तो शिक्का पाहायला मागण्यात काही चूक नाही.

मंगळसूत्रात काळे मणी असतात. बोरमाळेच्या, ठुशीच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. नथीत मोती, अंगठीत खडा. हे सोने नव्हे, त्यामुळे त्याचे वजन कमी होणार, ते रास्तच आहे. पण ते अंदाजाने कापू देऊ नका. मणी, मोती, खडे काढून घ्या आणि परत मागून घ्या. ते तुमचे आहेत. मग नुसत्या सोन्याचे वजन करा.

दुसरा आकडा : कस

शुद्ध सोने २४ कॅरटचे. ते मऊ असते, म्हणून डाग टिकावा यासाठी त्यात तांबे, चांदी मिसळतात. २४ भागांत २२ भाग सोने असले तर ते २२ कॅरट. हेच हजारात सांगायचे तर ९१६. १८ कॅरट म्हणजे ७५०. १४ कॅरट म्हणजे ५८५.

छाप म्हणजे काय, हे रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या पाचाडकरांना सांगणे सोपे आहे. १६७४ साली गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. नाणे राजाचे आहे, हे ती अक्षरे सांगत. आजचा हॉलमार्क हीही अशीच छाप आहे. ती डागाच्या शुद्धतेची खूण आहे, आणि ती भारतीय मानक ब्यूरो या सरकारी संस्थेच्या नियमांनी उमटते.

डाग उलटा करून आतली बाजू भिंगाने पाहा. जुलै २०२१ नंतरच्या डागावर तीन खुणा असतात. ब्यूरोची त्रिकोणी खूण, कसाचा आकडा (९१६ वगैरे), आणि सहा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. प्रत्येक डागाचा क्रमांक वेगळा. मोबाईलवर 'बीआयएस केअर' नावाचे ॲप घेऊन त्यात हा क्रमांक घातला की त्या डागाची माहिती दिसते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो पाहून देईल.

छाप नसलेला जुना डागही विकता येतो. छापेची सक्ती विकणाऱ्या दुकानदाराला आहे, घरचा डाग मोडणाऱ्याला नाही. मात्र त्याचा कस तपासावा लागतो.

'जुने ते चोखच' असेही धरून चालू नका. १९६३ साली सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. तेव्हा १४ कॅरटहून शुद्ध नवे दागिने घडवायला मनाई झाली. १९६६ साली ती अट काढली. त्या तीन वर्षांत घडलेला डाग कमी कसाचा निघाला, तर सराफाला खोटे ठरवू नका.

कस तपासायच्या तीन रीती आहेत.

पहिली कसोटीची. काळ्या दगडावर डाग घासून रेघ ओढतात. तिच्यावर तेजाब टाकतात. तांबे विरघळते, सोने राहते. जाणत्या नजरेला अंदाज येतो, पण तो अंदाजच.

दुसरी यंत्राची. डाग यंत्रात ठेवला की आकडा दिसतो. डाग झिजत नाही. पण यंत्र वरचा पातळ थरच पाहते. जिथे जोड दिलेला असतो तिथे कस कमी दिसतो. म्हणून दोन-तीन जागी तपासायला सांगा.

तिसरी आटवण्याची. डाग मुशीत वितळवून लगड करतात आणि लगडीचा कस पाहतात. पण एकदा आटवले की डाग परत येत नाही. म्हणून सौदा ठरल्याशिवाय आटवू देऊ नका. आटवायचे तर डोळ्यांसमोर. 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण इथे लक्षात ठेवा. डाग घेऊन कुणी पडद्यामागे जाऊ लागला तर आपणही उठून सोबत जावे.

सराफाचा आकडा पटला नाही तर दुसरी वाट आहे. ब्यूरोने मान्य केलेल्या तपासणी केंद्रात सामान्य माणसालाही आपला डाग तपासून मिळतो. २०२२ साली ठरलेला आकार चार डागांपर्यंत २०० रुपये होता. केंद्रांची यादी ब्यूरोकडे मिळते.

तिसरा आकडा : दर

दर रोज बदलतो. वर्तमानपत्रात बहुधा १० ग्रॅमचा दर असतो. तो २४ कॅरटचा आहे की २२ चा, हे नीट वाचा.

इथे मोठी मेख आहे. दर २४ कॅरटचा धरला तर कसाचा आकडा लावायचा. दर २२ कॅरटचा धरला तर २२ कॅरटच्या डागाला पुन्हा ९१६ लावायचे नाही. कारण ती कपात त्या दरात आधीच झालेली असते. काही ठिकाणी दर २२ चा लावतात आणि कसही कापतात. म्हणजे एकाच गोष्टीला दोनदा कात्री.

घट

मोडीत थोडी घट धरतात. सोने वितळवताना मळ आणि जोडाचा भाग जळतो. पण घट म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे. किती टक्के धरणार, हे आधी विचारा. आणि डाग आटवून लगडीचे वजन घेतले असेल, तर घट त्यात आलीच. ती पुन्हा कापायची नाही.

एक हिशेब

समजा, पाचाडच्या एका वहिनीला मंगळसूत्र मोडायचे आहे. एकूण वजन १८.५०० ग्रॅम. मणी आणि लाख काढल्यावर १५.००० ग्रॅम. कस ९१६. हिशेब सोपा जावा म्हणून २४ कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

एका ग्रॅमची किंमत : १०,००० च्या हजारात ९१६, म्हणजे ९,१६० रुपये.
१५ ग्रॅमचे : १,३७,४०० रुपये.
घट दोन टक्के : २,७४८ रुपये.
हाती : १,३४,६५२ रुपये.

आता दुसऱ्या पेढीवरचे बोलणे ऐका.

"वहिनी, एक लाख तेरा हजार देतो. आजच्या आज घेऊन जा."

"शेट, कसे धरलेत ते कागदावर मांडून दाखवा."

शेटनी ९,१६० चा दर घेतला, त्याला पुन्हा ९१६ लावले. ग्रॅमला सुमारे ८,३९० झाले. १५ ग्रॅमचे १,२५,८५०. त्यातून दहा टक्के घट कापली. उरले १,१३,२६५.

"शेट, दर बावीसचा धरलात, मग कस परत कशाला कापलात? आणि दहा टक्के घट कशाची? माझ्यासमोर आटवा, लगड भरेल तेवढ्याचे द्या. नायतर राहू द्या, मी दुसरीकडं बघते."

दोन हिशेबांत २१,३८७ रुपयांचा फरक आहे. सोने तेच, वजन तेच, दर तोच. फरक फक्त कागदावरच्या मांडणीचा.

बाजाराला जाताना

पाचाडहून महाड सुमारे २५ किलोमीटर. सकाळच्या गाडीने जा. शेवटच्या एसटीची वेळ झाली की माणूस मिळेल ते घेतो, आणि हे समोरच्यालाही कळते. दोन-तीन पेढ्यांवर विचारा. विचारले म्हणून विकलेच पाहिजे असे नाही. एकटे जाऊ नका. घरातले जाणते माणूस सोबत असावे.

निघण्यापूर्वी घरी वजन, खुणा आणि त्या दिवसाचा दर वहीत लिहा. जुनी पावती असेल तर न्या. ओळखीसाठी आधार कार्डाची प्रत मागतात, ती द्यावी. डाग चोरीचा नाही, याची ती खातरी असते.

जुन्याच्या बदली नवा डाग घ्यायचा असेल तर मोडीचा हिशेब वेगळा मांडून घ्या, नव्याचा वेगळा. मोडीला चांगला भाव देऊन नव्याच्या घडणावळीत तो वसूल करणारेही असतात.

मोठी रक्कम चेकने किंवा थेट बँकेच्या खात्यात घ्या. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने मना आहे.

पावतीवर तारीख, वजन, कस, दर, घट आणि एकूण रक्कम असावी. वाचल्याशिवाय सही करू नका. आजवर वाचता येत नव्हते म्हणून कितीतरी अंगठे न कळता उमटले. आता वाचता येते. त्या विद्येची खरी कमाई इथे आहे.

मोडण्यापूर्वी

नड थोड्या दिवसांची असेल तर विकण्याऐवजी बँकेत गहाण ठेवण्याचाही विचार करा. व्याज किती आणि डाग कधी सोडवायचा, हे आधी समजून घ्या. सावकाराकडे जायचे तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींनी ध्यानात धरावी. बाईला माहेराहून, सासरहून मिळालेला डाग हे तिचे स्त्रीधन. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की स्त्रीधनाची मालकीण ती बाईच. घरातल्यांनी सांभाळायला घेतले तरी ते त्यांचे होत नाही. तेव्हा तिला विचारूनच मोडावे. हिशेबाला तिलाच पुढे बसवावे, आणि पैसे तिच्या खात्यात जावेत.

हिशेब करून पाहा

१. जुन्या चिठ्ठीत ३ तोळे लिहिले आहे. ते किती ग्रॅम?
२. अंगठी १० ग्रॅमची, छाप ७५०. २४ कॅरटचा दर ग्रॅमला १०,०००. घट न धरता किंमत किती?
३. डाग आटवून लगडीचे वजन घेतले. आता घट कापावी का?
४. तुमच्या घरातला एक डाग उलटा करून पाहा. कोणत्या खुणा आहेत? वहीत लिहा.

उत्तरे : (१) सुमारे ३५ ग्रॅम. (२) ७५,००० रुपये. (३) नाही.