समुद्री मत्स्यपेटीसाठी कृत्रिम मीठमिश्रणाची निवड

यावल तालुका हा केळीचा तालुका होय. तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जिकडे पाहावे तिकडे केळीच्या बागा दिसतात. समुद्राशी या भूमीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जवळचे मोठे रेल्वेस्थानक भुसावळ. तेथून मुंबई रेल्वेने सुमारे 440 किलोमीटर. तथापि शेतीस जोडधंदा म्हणून शोभिवंत मासे पाळण्याकडे काही तरुण वळले आहेत, आणि गोड्या पाण्यातील गप्पी, मोली, गोल्डफिश यांत हात बसल्यावर समुद्रातील रंगीत मासे व प्रवाळ ठेवावे, अशी इच्छा त्यांना होते. अशा वेळी पहिला प्रश्न निघतो तो मिठाचा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या प्रश्नाचे नेमके उत्तर देता यावे, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

एक उदाहरण

तालुक्यातील एका तरुण शेतकरी बंधूने दोनशे लिटरची काचेची पेटी तयार केली. विहिरीचे पाणी भरले, किराणा दुकानातून आणलेले खडे मीठ त्यात विरघळवले, आणि तरंगमापकावर 1.026 हा आकडा येईपर्यंत मीठ घालीत राहिला. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व इतकेच असते, हे त्याने वाचले होते. नंतर परगावाहून मागवलेले चार क्लाउन मासे व काही समुद्री गोगलगायी त्याने पेटीत सोडल्या. गोगलगायी तिसऱ्या दिवशी मेल्या. मासे आठवडाभरात गेले. केळीच्या घडांतून शिल्लक टाकलेले पैसे त्याबरोबर गेले. "साहेब, माप तर बरोबर होते. मग चुकले कोठे?" असे त्याने विचारले. त्याचे माप खरोखरच बरोबर होते; चूक मापात नसून मिठात आणि पाण्यात होती.

समुद्राच्या पाण्यात काय असते?

एक किलो समुद्रपाण्यात सरासरीने 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांची वाटणी स्थूलमानाने अशी: क्लोराइड 19.4 ग्रॅम, सोडियम 10.8 ग्रॅम, सल्फेट 2.7 ग्रॅम, मॅग्नेशियम 1.3 ग्रॅम, कॅल्शियम 0.4 ग्रॅम आणि पालाश 0.4 ग्रॅम. याशिवाय बायकार्बोनेट, ब्रोमाइड, स्ट्राँशियम इत्यादी घटक अल्प प्रमाणात असतात. 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' या जहाजाने जगातील समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी 77 नमुन्यांचे पृथक्करण करून रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी 1884 मध्ये दाखवून दिले की, पाणी कमी-अधिक खारट असले तरी या प्रमुख घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. समुद्रातील जीव याच प्रमाणावर पोसले गेले आहेत.

वरील आकडे पुन्हा पाहावेत. सोडियम व क्लोराइड, म्हणजेच ज्यांपासून आपले खाण्याचे मीठ बनते ते दोन घटक, मिळून सुमारे 30 ग्रॅम भरतात. उरतात सुमारे 5 ग्रॅम. तरंगमापक या पाच ग्रॅमांविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ एकूण भार दाखवतो. परंतु प्रवाळाचा सांगाडा व गोगलगायीचे कवच बनते ते कॅल्शियमपासून. मॅग्नेशियम त्या कॅल्शियमला पाण्यात विरघळलेले ठेवण्यास मदत करते. आणि बायकार्बोनेट पाण्याचा सामू स्थिर राखते. केळीला नुसता युरिया देऊन पालाश तोडला तर घड भरत नाही, हे आपण जाणतोच. येथेही तोच न्याय लागू पडतो.

खडे मीठ का चालत नाही?

"खडे मीठ तर समुद्रापासूनच होते, मग त्यात समुद्रातील सर्व घटक असतीलच," असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले म्हणजे प्रथम चुन्याचा अंश खाली बसतो, नंतर जिप्सम बसते, आणि त्यानंतर मिठाचे खडे धरू लागतात. मॅग्नेशियम व पालाश यांचा मोठा भाग शेवटच्या कडवट पाण्यात राहतो आणि ते पाणी काढून टाकण्यात येते. म्हणजे खडे मीठ हे समुद्रातून वेगळा काढलेला एक घटक आहे. ते पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. पुडीतील मिठात तर आयोडीन व खडे न धरण्यासाठी घातलेली द्रव्येही असतात. सैंधवाचीही तीच गत आहे. तसेच पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील विहिरींचे खारे पाणी समुद्राच्या पाण्याला पर्याय होऊ शकत नाही. त्यातील क्षारांचे परस्पर प्रमाण समुद्रातल्यासारखे नसते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले ते समुद्राच्या अगदी काठावर. आपल्याला ती सोय नाही. म्हणून कृत्रिम मिश्रण विकत घेणे हाच मार्ग उरतो.

मिश्रण निवडताना पाहावयाच्या गोष्टी

1. उद्देश ठरवावा. केवळ मासे ठेवावयाचे असल्यास साधे समुद्री मिश्रण पुरेसे होते. कवचधारी जीव अथवा प्रवाळ ठेवावयाचे असल्यास कॅल्शियम, मॅग्नेशियम व विम्लता यांचे आकडे छापलेले मिश्रण घ्यावे.

2. आकडे वाचावेत. 35 लवणतेला कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम व मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम असावे. विम्लता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची शक्ती. नैसर्गिक समुद्रात ती सुमारे 7 डीकेएच असते. बाजारातील काही मिश्रणांत ती मुद्दाम 10 ते 12 पर्यंत वाढवलेली असते. वेगाने वाढणारे प्रवाळ पुष्कळ असतील तरच अशा मिश्रणाचा उपयोग. नवशिक्याने 7 ते 9 डीकेएच असलेले मिश्रण घ्यावे, म्हणजे पाणी बदलताना जिवांना धक्का बसत नाही.

3. नत्र व स्फुरद यांचा अंश नसावा. शेतात जी खते हवीत तीच येथे शेवाळ माजवतात.

4. किंमत किलोवर नव्हे, लिटरवर काढावी. मिश्रणातील काही क्षारांत मुळातच पाणी बांधलेले असते; म्हणून 35 ग्रॅमऐवजी लिटरमागे 36 ते 38 ग्रॅम मिश्रण लागते. या हिशोबाने 20 किलोच्या पिशवीत सुमारे 525 ते 555 लिटर पाणी तयार होते.

5. पिशवी सीलबंद व कोरडी असावी. ओल लागून गोळे झालेले मीठ घेऊ नये. वाहतुकीत जड व हलके कण वेगळे होतात. म्हणून वापरण्यापूर्वी बंद पिशवी जमिनीवर चहूबाजूंनी लोळवावी.

6. एकदा निवडलेले मिश्रण वारंवार बदलू नये.

मीठ कितीही चांगले असले तरी पाणी?

उत्तम मिश्रणही वाईट पाण्यात वाया जाते. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. समजा, त्यात लिटरला 100 मिलिग्रॅम कॅल्शियम आधीच आहे. तर 420 मिलिग्रॅम देणाऱ्या मिश्रणाने ते 520 होईल आणि सगळा तोल बिघडेल. शिवाय बागांना दिलेल्या नत्रखताचा अंश झिरपून विहिरीत उतरू शकतो. यासाठी आर.ओ. यंत्रातून काढलेले व शक्य तर त्यापुढे डीआयोनायझरमधून गेलेले पाणी वापरावे. टीडीएस मीटरवर ते शून्याच्या जवळ असावे. घरगुती आर.ओ. यंत्रात चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते. ती बंद करून घ्यावी.

मिश्रण करण्याची रीत

प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात प्रथम पाणी घ्यावे व त्यात ढवळत थोडे थोडे मीठ सोडावे. मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास दाट द्रावणात चुना धरून खाली बसतो व तो पुन्हा विरघळत नाही. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट व स्फुरदयुक्त खत एकत्र केल्यास जसा साका बसतो, तसाच हा प्रकार आहे. लहान पंप लावून पाणी फिरवत ठेवावे आणि ते स्वच्छ झाल्यावर, पिशवीवर सांगितलेल्या वेळेनंतर, वापरावे. तांब्याचा हंडा, पितळी तोटी अथवा जस्ताचा पत्रा यांचा स्पर्श पाण्यास होऊ देऊ नये. तांब्याचा अल्पसा अंशही कवचधारी जिवांस मारक ठरतो. लवणता मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर चांगला; तो 35 लवणतेच्या प्रमाणित द्रावणाने पडताळून घ्यावा. विम्लता कमी भरल्यास 100 लिटरला सुमारे 3 ग्रॅम खाण्याचा सोडा दिला असता ती 1 डीकेएचने वाढते. सोडा व कॅल्शियमचे द्रावण मात्र एकाच वेळी देऊ नये.

खानदेशचा उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पेटीतील पाणी 25 ते 27 अंशांत राहिले पाहिजे. म्हणून थंड करण्याची व वीज गेल्यास पंप चालू ठेवण्याची सोय नसेल तर हा खर्च करूच नये. सुरुवात दिवाळीनंतर करावी. उन्हाळ्यात बाष्पीभवन फार होते; मात्र पाणी उडते, मीठ उडत नाही. 200 लिटरमधील 20 लिटर पाणी उडाले तर 35 ची लवणता सुमारे 39 होते. ही तूट नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरावी. खारे पाणी घातल्यास मीठ साठत जाते व पेटी हळूहळू मरते.

वापरलेले पाणी शेतात टाकू नये

हा मुद्दा पेटीपेक्षा शेताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. 200 लिटरच्या पेटीतील दहावा हिस्सा पाणी दर आठवड्यास बदलले तर 20 लिटरबरोबर 700 ग्रॅम मीठ बाहेर पडते. वर्षाचे ते 36 किलोंहून अधिक होते. काळ्या जमिनीत सोडियम साठला की तिची घडण मोडते, निचरा बंद होतो आणि जमीन चोपण होते. मुलाच्या हौशीपायी बापाचा वाफा जाऊ नये. हे पाणी बांधावर, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. जाड प्लास्टिकने मढवलेल्या उथळ खड्ड्यात ते उन्हाने आटवावे व उरलेले मीठ गोळा करून कचऱ्यात द्यावे. यासाठी आपला उन्हाळा पुरेसा आहे.

कायद्याची मर्यादा

समुद्रातील कडक प्रवाळ, समुद्रघोडे व मोठे शिंपले यांना 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षण दिलेले आहे. ते समुद्रातून काढणे व त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. "मालवणहून आणले" असे सांगून कोणी प्रवाळ विकू लागल्यास घेऊ नये. कोणताही प्रवाळ घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. क्लाउन माशांची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याचे तंत्र आपल्या देशात सिद्ध झालेले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यात काम केले आहे. प्रारंभ अशाच पैदास केलेल्या माशांनी व कृत्रिम खडकांनी करावा.

समारोप

वर सांगितलेल्या तरुण बंधूने आता पेटी रिकामी करून धुऊन ठेवली आहे, आणि या खेपेस त्याने मिठाआधी पाण्याची तपासणी करून घेतली आहे. त्याचा क्रम योग्य आहे. पाणी तपासा, मग मिश्रणाचे आकडे वाचा, मग लिटरचा हिशोब करा, टाकाऊ पाण्याची जागा ठरवा, आणि सर्वांत शेवटी मासा आणा. तीस ग्रॅम मीठ कोठेही मिळते. जीव जगतो तो उरलेल्या पाच ग्रॅमांवर, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक विचारणाऱ्यास प्रथम समजावून द्यावे.